जॉयस्टिकशिवाय, माउसने विमान उडवताना: डोलणं, ट्रिम आणि उतरणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लाइटगिअर या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये सेसना १७२पी हे छोटं विमान माउसने उडवताना उड्डाण जमतं, पण सरळ उडताना विमान सतत डावीकडे-उजवीकडे डोलत राहतं, उतरताना नाक वरखाली होतं आणि चाकं टेकल्यावर विमान धावपट्टीच्या बाहेर जातं. जॉयस्टिक घेतल्याशिवाय यातून सुटका नाही का?

सुटका आहे. या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: माउसला मध्य नसतो. जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. हात सैल सोडला की दांडा आपोआप मधे येतो आणि दांडा किती बाजूला आहे हे हाताला ताणावरून कळतं. माउस मात्र फक्त ‘इतका सरकलो’ एवढंच सांगतो आणि सिम्युलेटर त्या सरकण्याची बेरीज करत राहतो. हात थांबला की एलेरॉन (विमान डावीकडे-उजवीकडे झुकवणारे पंखांवरचे भाग) आणि एलिव्हेटर (नाक वरखाली करणारा शेपटीवरचा भाग) जिथे असतील तिथेच अडकून राहतात. हाताला काही जाणवत नाही, त्यामुळे ते बाजूला राहिलेत हे विमान झुकल्यावरच लक्षात येतं. म्हणून माउसने जॉयस्टिकची नक्कल करण्याच्या फंदात पडू नका. तो मध्य ट्रिमने (नियंत्रण धरून न ठेवता नाक हव्या जागी टिकवणारी सोय) आणि नजरेने आपणच तयार करायचा असतो.

आधी एक फरक पक्का समजून घ्या, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. माउस आडवा सरकवला की एलेरॉन हलतो, आणि एलेरॉन विमान किती झुकावं ते ठरवत नाही, किती वेगाने झुकत राहावं ते ठरवतो. एलेरॉन थोडासाही एका बाजूला राहिला तर विमान त्या बाजूला झुकतच राहतं. एलिव्हेटरचं तसं नाही. तो थोडा मागे राहिला तर विमान जरा कमी वेगावर स्थिरावतं, थोडा पुढे राहिला तर जरा जास्त वेगावर. म्हणजे आडव्या दिशेने माउस दर वेळी मूळ जागी परत आणावाच लागतो, उभ्या दिशेने आणला नाही तरी ट्रिमने भागतं. नवशिके नेमकं उलट करतात. वळण्यासाठी माउस उजवीकडे नेऊन तिथेच ठेवतात आणि झुकाव जास्त झाला की घाबरून तो दुप्पट डावीकडे ओढतात. सतत डोलण्याचं कारण हेच.

उडायच्या आधी माउसची तयारी करून घ्या. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमधली पॉइंटर प्रिसिजन वाढवण्याची खूण काढून टाका. ती चालू असताना हात झटकन हलवला तर कर्सर जास्त पळतो आणि सावकाश हलवला तर कमी. मग ‘जितका नेला तितकाच परत आणला’ हा हिशोबच जुळत नाही. झटक्यात डावीकडे १ सेंटिमीटर आणि हळूच उजवीकडे १ सेंटिमीटर केलं, तरी एलेरॉन मधे येत नाही. पॉइंटरचा वेग मधल्या खुणेवर, म्हणजे अकरापैकी सहाव्या घरावर ठेवा. लिनक्सवर अॅक्सिलरेशन ‘फ्लॅट’ करा.

मग डीपीआय बघा, म्हणजे माउस एक इंच सरकला की किती पायऱ्या मोजतो तो आकडा. काही सिम्युलेटरमध्ये नियंत्रण कर्सरच्या पडद्यावरच्या जागेशी बांधलेलं असतं. अशा ठिकाणी १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ८०० डीपीआयचा माउस मध्यापासून उजव्या कडेला जायला ९६० पायऱ्या घेतो, म्हणजे जेमतेम ३० मिलिमीटर. वरच्या कडेला जायला ५४० पायऱ्या, म्हणजे फक्त १७ मिलिमीटर. पडद्याच्या कडेला पूर्ण एलिव्हेटर लागत असेल, तर अख्खा एलिव्हेटर बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी अंतरात मावतो. नाक वरखाली होणारच! माउसवर डीपीआयचं बटण असेल तर ४०० करा, अंतरं दुप्पट होतात. टचपॅड वापरूच नका, त्यावर बटण दाबून ठेवून बारीक सरकवणं जमत नाही. ट्रॅकबॉल असेल तर उत्तम, कारण त्याला टेबलाची जागा संपत नाही. बिनतारी माउस काही सेकंद स्थिर राहिला की झोपी जात असेल, तर जागं होताना पहिली हालचाल वाया जाते आणि फ्लेअरच्या, म्हणजे चाकं टेकायच्या आधी नाक हळूहळू वर घेण्याच्या, वेळी हे महागात पडतं. तारेचा साधा माउस चांगला.

पडद्यावर सेकंदाला २५ पेक्षा कमी फ्रेम येत असतील तर आधी ढग, झाडं, इमारती कमी करा. १५ फ्रेमवर तुमची हालचाल आणि पडद्यावरचा परिणाम यांत एका फ्रेमचेच ६७ मिलिसेकंद जातात. तेवढ्या उशिराने आलेल्या चित्राकडे बघून केलेली दुरुस्ती नेहमी जास्तच होते.

आता फ्लाइटगिअरमधली बटणं. टॅब दाबला की माउसची अवस्था बदलते. कर्सर अधिकच्या चिन्हासारखा झाला की माउस विमान चालवतो. आडवा सरकवला की एलेरॉन, मागे ओढला की नाक वर. डावं बटण दाबून आडवा सरकवला की रडर, म्हणजे नाक डावीकडे-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा भाग. मधलं बटण दाबून पुढे-मागे केला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनची शक्ती. चाक फिरवलं की एलिव्हेटर ट्रिम. पुन्हा टॅब दाबला की माउस नजर फिरवतो, आणखी एकदा दाबला की साधा बाण परत येतो. टॅब दाबूनही अधिकचं चिन्ह येत नसेल तर मेनूतल्या माउसच्या सेटिंगमध्ये ती अवस्था वगळलेली नाही ना, ते बघा. थ्रॉटलसाठी मात्र पेजअप आणि पेजडाउन वापरावं असंच मी सांगेन. मधलं बटण दाबताना चाक नकळत फिरतं आणि ट्रिम बिघडतो.

डाव्या हाताखाली तीन कळा कायम हव्यात: थ्रॉटलच्या दोन आणि ५ ची. नमलॉक चालू असताना न्यूमेरिक पॅडवरची ५ दाबली की एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर तिन्ही मधे येतात. माउसने उडवणाऱ्याची स्प्रिंग ती हीच. पण ती ट्रिमला हात लावत नाही. एलिव्हेटर बराच मागे धरलेला असताना ५ दाबली तर नाक धपकन खाली जाईल. आधी ट्रिम, मग ५, हा क्रम कधी मोडू नका. एच कळ दाबून समोर हिरव्या आकड्यांचा हेड-अप डिस्प्ले आणा. त्यात एलेरॉन, एलिव्हेटर, रडर कुठे आहेत हे दाखवणाऱ्या छोट्या खुणा असतात. हाताला जे कळत नाही ते डोळ्यांना इथे दिसतं, त्यामुळे पहिले काही आठवडे तो डिस्प्ले बंद करू नका.

गेमपॅड किंवा जुना जॉयस्टिक यूएसबीला लागलेला असेल तर काढून ठेवा. त्याचा अक्ष जरा थरथरला तरी तो आपला आकडा पाठवतो आणि माउसने ठेवलेली जागा पुसली जाते. विमान ‘आपोआप’ सरळ होतंय किंवा मधेच हिसका देतंय, असं वाटलं तर पहिला संशय याच्यावर घ्या.

डोलणं घालवायचा सराव असा. विमान ३,००० फुटांवर, २,३०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) सरळ ठेवा. ५ दाबा आणि हात माउसवरून उचला. नाक वर जात असेल किंवा खाली, तर फक्त चाकाने ट्रिम करा, एक-दोन टिचक्या आणि पाच सेकंद थांबा. वेग आणि उंची हाताशिवाय टिकली पाहिजे. आता उजवीकडे २० अंशांचं वळण घ्या. माउस उजवीकडे थोडा न्या, क्षितिज झुकायला लागेल. १५ अंश होताच माउस तेवढाच डावीकडे परत आणा आणि हेड-अप डिस्प्लेवर खूण मधे आली का बघा. मग हात थांबवा. विमान २० च्या आसपास झुकलेलं राहील. झुकाव हळूहळू वाढत असेल तर एलेरॉन अजून उजवीकडे उरलाय, एक मिलिमीटर डावीकडे घ्या. नेणं, परत आणणं, थांबणं. यातलं थांबणं सगळ्यात अवघड जातं. विमानाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, आणि तो येण्याआधीच केलेली दुसरी हालचाल पहिलीत मिसळते. हालचालींमध्ये मनात ‘एक, दोन’ म्हणा. सरळ होताना हेच उलट दिशेने. डावी-उजवी वळणं आलटून पालटून घेत राहा. ५ न दाबता पंख समांतर करता आले की पुढे जा.

रडरचा प्रश्न उरतो, कारण एकाच हाताने एलेरॉन आणि रडर एकदम हलवता येत नाहीत. सुरुवातीला ऑटो-कोऑर्डिनेशन चालू करा. लाँचरमध्ये जादा पर्याय लिहायच्या चौकटीत दोन आडव्या रेघांपुढे ‘एनेबल-ऑटो-कोऑर्डिनेशन’ हा पर्याय इंग्रजीत लिहिला की रडर एलेरॉनच्या मागोमाग हलतो. जमिनीवरही पुढचं चाक माउसच्या आडव्या हालचालीने वळतं. याचा एक तोटा उड्डाणाच्या वेळी कळतो. पूर्ण शक्तीवर सेसनाचं नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून धावताना तुम्ही माउस उजवीकडे धरता. त्याच वेळी एलेरॉनही उजवीकडे गेलेला असतो. चाकं सुटताच उजवा पंख खाली येतो आणि लोक त्याचा दोष वाऱ्याला देतात. ५५ नॉटला नाक उचलतानाच माउस आडव्या दिशेने मधे आणा.

ऑटो-कोऑर्डिनेशन बंद असेल तर डावं बटण दाबून रडरने धावपट्टी धरा आणि ५५ नॉटला बटण सोडून माउस मागे घ्या. पण लक्षात ठेवा, बटण सोडल्यावर रडर होता तिथेच राहतो. चढाईत ७५ नॉटला ट्रिम झाला की ५ दाबून तो मधे आणा. नाहीतर विमान पुढे अर्धा तास तिरकं उडत राहील आणि तुम्ही ते एलेरॉनने सांभाळत बसाल.

उतरण्याच्या सरावाला सुरुवातीला मुंबईची धावपट्टी २७ घ्या. ती सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० फुटांवर, त्यामुळे अल्टिमीटरवरचा आकडा जवळजवळ जमिनीपासूनची उंचीच सांगतो. १,००० फुटांवर, ८५ ते ९० नॉटला धावपट्टीला समांतर उलट दिशेने या. धावपट्टीचं टोक बाजूला आलं की १,५०० आरपीएम आणि फ्लॅप (कमी वेगात उतरण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला खाली येणारे भाग) १० अंश. फ्लॅप लावताच सेसनाचं नाक वर उसळतं. माउसने दाबा आणि लगेच चाकाने ट्रिम करा. पुढच्या वळणानंतर वेग ८५ च्या खाली आल्यावर २० अंश, समोर धावपट्टी आल्यावर ३० अंश आणि ६५ नॉट. दर वेळी तोच क्रम: फ्लॅप, माउस, ट्रिम, ५. धावपट्टीपासून एक नॉटिकल मैलावर सुमारे ३०० फूट उंची आणि मिनिटाला ३२५ ते ३५० फूट उतार असेल तर उतरण्याचा कोन तीन अंशांचा आहे. उंची थ्रॉटलने सांभाळा, वेग ट्रिमने. माउस फक्त पंख समांतर ठेवायला. शेवटच्या मैलात माउस उभ्या दिशेने सारखा हलवावा लागत असेल तर हाताला दोष देऊ नका, ट्रिम चुकला आहे. वर जाऊन पुन्हा या.

फ्लेअर १० ते १५ फुटांवर. थ्रॉटल पूर्ण मागे, आणि माउस मागे घ्यायला सुरुवात. एका दमात ओढू नका. काही मिलिमीटर मागे, थांबा, विमान बसायला लागलं की पुन्हा काही मिलिमीटर. आधी नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. जवळ बघितलं की प्रत्येक जण जास्त ओढतो. ओढल्यामुळे विमान पुन्हा वर उठलं तर माउस पुढे ढकलू नका. आहे तिथे धरा, उंची फार वाढली तर पूर्ण थ्रॉटल देऊन परत वर जा. नाक वरखाली होत शेवटी पुढचं चाक आदळतं, ते या पुढे ढकलण्यामुळे. टेबलाची कड आली तर माउस उचलून पुढे ठेवा. फ्लाइटगिअर सरकण्याची बेरीज करत असल्यामुळे उचललेल्या वेळात एलिव्हेटर जिथे होता तिथेच राहतो.

माउसची जी खोड इतका वेळ नडत होती ती आडव्या वाऱ्यात कामाला येते. जॉयस्टिकवर फ्लेअर धरून ठेवायला दांडा ताणून धरावा लागतो. माउसवर एलिव्हेटर ठेवाल तिथे राहतो, म्हणून हात रडरसाठी मोकळा होतो. ऑटो-कोऑर्डिनेशन आधीच बंद ठेवा, कारण ते चालू असेल तर एलेरॉन हलला की रडर पुन्हा त्याच्यामागे जातो. नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून या, फ्लेअर पूर्ण करा, चाकं टेकायच्या जरा आधी डावं बटण दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणा. लगेच बटण सोडून वाऱ्याकडचा पंख थोडा खाली घ्या. या दोन हालचाली एकामागोमाग होतात, एकत्र नाही, त्यामुळे मर्यादा आहे. खऱ्या सेसना १७२पीच्या पुस्तकात १५ नॉटपर्यंतचा आडवा वारा दाखवला आहे. माउसवर ८ ते १० च्या वर जाऊ नका.

टेकल्यावर विमान बाहेर जाण्याचं कारण बहुधा उरलेला रडर असतो. चाकं टेकताच डावं बटण दाबा आणि ते दाबलेलंच ठेवा. ५० नॉटच्या वर माउस अगदी कणभर हलवा, रडर तेव्हा फार जोरात काम करतो. ४० च्या खाली आल्यावर बी दाबून ब्रेक. पूर्ण ब्रेक आणि वळलेलं चाक एकदम नको.

टॅबचा एक सापळा आहे. रेडिओ किंवा बटणांसाठी साध्या बाणावर जाता तेव्हा नियंत्रणं शेवटच्या जागी तशीच राहतात. दोन मिलिमीटर एलेरॉन उरला असेल तर वारंवारिता लावेपर्यंत विमान ३० अंशांवर गेलेलं असतं. टॅबच्या आधी ट्रिम आणि ५. त्याहून बरं म्हणजे सेसनामधला केएपी-१४० ऑटोपायलट पंख समांतर ठेवायला लावा आणि मग नकाशा, रेडिओ, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण) काय करायचं ते निवांत करा.

एअरबस ए३२० माउसला सोपं, असं सर्रास ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. फ्लाय-बाय-वायरमुळे ट्रिम आपोआप होतो आणि नियंत्रण मधे असेल तर विमान आहे तसं राहतं, त्यामुळे उभ्या दिशेचं ओझं कमी होतं. पण साइडस्टिक झुकण्याचा वेग मागते, पूर्ण बाजूला नेली की सेकंदाला १५ अंश. सरळ हिशोबाने दहावा हिस्सा जरी उरला तरी दहा सेकंदांत १५ अंश झुकाव. इथे ५ ची कळ सेसनापेक्षा जास्त लागते.

इतर सिम्युलेटरमध्ये तत्त्व तेच, दारं वेगळी. एक्स-प्लेनमध्ये पडद्याच्या मधोमध छोटं पांढरं अधिकचं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक केलं की माउस नियंत्रण घेतो, पुन्हा क्लिक केलं की सोडतो. थ्रॉटल एफ१ आणि एफ२ वर. डेटा आउटपुटमधून नियंत्रणांचे आकडे पडद्यावर आणता येतात, ते जरूर आणा. माउस सोडल्यावर एलेरॉन मधे येतो की तसाच राहतो, हे प्रत्येक सिम्युलेटरमध्ये जमिनीवर उभं असताना बाहेरच्या दृश्यातून तपासून घ्या. वॉर थंडर या खेळातलं ‘माउस एम’ (माउसने नेम धरणं) मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे तुम्ही फक्त दिशा दाखवता, पंखांवरचे भाग प्रोग्रॅम हलवतो. त्या सवयीने सेसना उडवायला गेलात तर माउस वळणात धरून ठेवाल आणि विमान उलटं होईल.

ज्या सिम्युलेटरमध्ये माउसची सोय नाही तिथे विंडोजवर व्हीजॉय हा आभासी जॉयस्टिक आणि फ्रीपाय हा पायथनच्या छोट्या स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम जोडतात. स्क्रिप्टला चार गोष्टी करता आल्या पाहिजेत: माउसची प्रत्येक हालचाल एका आकड्याने गुणून बेरजेत घालणं, बेरीज कमाल-किमान मर्यादेत ठेवणं, ती अक्षावर लिहिणं, आणि एका बटणाने ती शून्य करणं. पाचवी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे सगळं चालू-बंद करायची कळ. ती नसेल तर कॉकपिटमधलं बटण दाबायला जाताना विमानही वळतं. सिम्युलेटर सुरू करण्याआधी विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत खूण मधे येते का ते बघा, आणि सिम्युलेटरमध्ये मध्याजवळची संवेदनशीलता ३० ते ५० टक्के कमी करा.

हेलिकॉप्टर आणि शेपटीला चाक असलेली विमानं, जसं पायपर कब, माउसने शिकू नका. तिथे पाय सतत हलावे लागतात आणि माउसवर पाय नाहीत. त्या वाटेला जायचं असेल तर दांडा पिळून रडर चालवता येणारा साधा जॉयस्टिकही पुरतो. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो त्यातलाच. घेताना आधी पिळणारा अक्ष आहे का ते बघा, बटणं किती ते नंतर.